बोळातल्या फाटकाचा दावा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे माझी कंबर, हिची कुरकुर आणि कारखान्यातला लाकडाचा भुसा, सगळं जागच्या जागी आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं ब्लडप्रेशर आता बरं असतं ना? (हे उगाच विचारत नाही. कारण पत्राच्या शेवटी येईल. पण आधी शेवट वाचू नकोस, ती तुझी लहानपणापासूनची खोड आहे.) नातवंडांना आशीर्वाद. "पुढच्या महिन्यात येतेच" असं तू बाबा गेल्यापासून म्हणते आहेस. तुझा तो पुढचा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो ते एकदा कळव, म्हणजे ते कॅलेंडर मी इथे आणून टांगीन. तोवर पत्रावर भागवतो.

सगळ्यात आधी तुझे उपकार मानायचे आहेत. मी फोनवर फाटकाचं रडगाणं गायला लागलो, तेव्हा तुझ्याकडे मिक्सर चालू होता. त्या घरघरीतसुद्धा तू म्हणालीस, "हे बघ, घर दोघांच्या नावावर असलं तरी तिथे राहतोस तू. तुला काय करायचं ते कर. माझी सही आहे असं समज." ताई, त्या एका वाक्याने माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्या बळावरच मी कोर्टाची पायरी चढलो. मिक्सरमुळे तुझ्या कानावर अर्धंच पडलं असणार, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आपलं घर आणि शेजारचं घर यांच्यामधला बोळ तुला आठवतच असेल. शेजारी आता आपला चिमटा राहतो. (लहानपणी येता-जाता तुला चिमटे काढायचा तोच. आता दातांचा डॉक्टर झालाय. म्हणजे खोड गेली नाही, फक्त तिच्यावर पाटी लागली.) त्याच्या दवाखान्यात येणारे लोक बोळात स्कूटर लावतात आणि त्या चोरीला जातात, या सबबीवर त्याने बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. आता कारखाना मागे, रस्ता पुढे, आणि घराच्या पुढच्या दाराने जिन्याला वळसा घालून जेमतेम एक स्टूल बाहेर जातं. तेव्हापासून मी फक्त स्टुलं बनवतो. गिऱ्हाईक टेबल मागायला आलं तर त्याला स्टुलाचे फायदे समजावून सांगतो. आणि ग्रंथपालबाईंच्या मुलीच्या लग्नाचं कपाट, तीन दारांचं, आरशासकट, कारखान्यात तयार उभं आहे. मुलगी केव्हाच सासरी गेली, कपाट मात्र अजून माझ्या गळ्यात. ग्रंथपालबाई रोज येऊन त्या आरशात बघून सुस्कारा टाकतात. हसण्यावारी नेतोय, पण खरं सांगतो, बोळ बंद राहिला तर कारखाना बंद करावा लागेल. या वयात स्टुलांवर पोट चालत नाही.

चिमट्याला गोडीत सांगून पाहिलं. तो म्हणाला, बोळ तुमचा असल्याचा कागद दाखवा. मग मला आठवलं, याच बोळावरून बाबांचं आणि चिमट्याच्या वडिलांचं कोर्टात वाजलं होतं आणि शेवटी तडजोड झाली होती. त्या हुकूमनाम्याची नक्कल मिळाली की काम फत्ते, अशा हिशेबाने मी इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेलो. दारातच पहारेकऱ्याने माझ्या खिशातून घडीची मोजपट्टी, स्क्रू-ड्रायव्हर आणि पेन्सिल काढून घेतली. (स्वच्छ कपडे घातले तरी सुताराचे खिसे सुताराचेच राहतात.) पण माणूस सज्जन. संध्याकाळी सगळं परत दिलं, आणि मधल्या वेळात माझ्या स्क्रू-ड्रायव्हरने त्याने स्वतःची डुगडुगती खुर्ची पक्की करून घेतली होती. स्क्रू जरा जास्तच आवळले होते, ते मी जाता जाता सैल करून दिले.

आत दिवाणी विभागाच्या खिडकीवर एक चष्मेवाल्या बाई होत्या. मी म्हटलं, नक्कल हवी. त्यांनी दावा क्रमांक विचारला, तो मला ठाऊक नव्हता. साल विचारलं, तर मी म्हटलं, आमच्या ताईच्या नाकात खडू अडकला त्या वर्षी. ताई, दुसरं कुणी असतं तर मला हाकलून दिलं असतं. या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, त्या वेळी ताई कितवीत होत्या? मी म्हटलं, दुसरीत, कारण खडू दुसरीच्या वर्गातला होता. त्यांनी तुझं जन्मसाल विचारून बोटांवर हिशेब केला, साल काढलं आणि अर्जावर लिहिलंसुद्धा. तुझ्या नाकाचा घराण्याला असा उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं? पण साल इतकं जुनं निघालं की संगणकात काही सापडेना. बाईंनी मला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं.

तिथल्या रेकॉर्डकीपरांना सगळे शिंकेसाहेब म्हणतात. त्यांचं खरं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते सांगायला तोंड उघडायचे आणि शिंक यायची. त्यांच्या फडताळाचं दार बिजागरीतून निखळून लोंबत होतं. माझे हात शिवशिवायला लागले, पण ते म्हणाले, हात लावू नका, ते सरकारी दार आहे, त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलाय. म्हणून मी दार नुसतं धरून उभा राहिलो आणि त्यांनी रजिस्टरं काढली. जुने दावे वादीच्या नावाने लावलेले असतात, तेव्हा त्यांनी विचारलं, वडील वादी की प्रतिवादी? मी छाती पुढे काढून म्हटलं, वादी. आठवतंय ना, जेवताना बाबा कसे सांगायचे, "मी त्याला कोर्टात उभा केला." तर बाबांच्या नावाने पहिलं रजिस्टर झालं, दुसरं झालं, मागचं-पुढचं साल झालं, शिंकेसाहेबांचे दोन रुमाल झाले, बाबांचा पत्ता नाही. मी ज्या हाताने दार धरलं होतं त्या हाताला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. शेवटी साहेबांनीच, बहुधा माझी दया येऊन, उलट्या बाजूने बघू म्हटलं, आणि चिमट्याच्या वडिलांच्या नावाखाली दावा पटकन सापडला.

ताई, बाबा प्रतिवादी होते. त्यांनी कुणाला उभा केला नव्हता, त्यांनाच उभं केलं होतं. आणि कशाबद्दल, तर आपल्या फळ्यांच्या थप्प्या लावून बोळ अडवला म्हणून. मी तिथेच हसत सुटलो, आणि शिंकेसाहेबांना ते अश्रू वाटले म्हणून त्यांनी मला पाणी दिलं. पण बघ, बाबांनी ताठा सोडून तडजोड केली, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलंय की बोळ दोघांच्या वहिवाटीचा, कुणीही अडवायचा नाही. बाबा ऐटीत जिंकले असते तर आज माझ्या हातात काहीच नसतं. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पुढे अर्ज, तिकीट, शिक्का असे सोपस्कार होऊन कागद मिळाला. त्यावर "खरी नक्कल" असा शिक्का आहे. आमच्या धंद्यात माल एक तर खरा असतो नाही तर नकली असतो, कोर्टात मात्र एकाच फळीत दोन्ही मिळतं.

तो कागद घेऊन चिमट्याकडे गेलो, तर तो दुसऱ्या कुणाच्या तोंडात हात घालून होता. तिथूनच म्हणाला, जुने कागद मी मानत नाही, कोर्टात या. म्हणून दावा लावणं आलं. वकीलबाई मिळाल्या त्या आपल्या धाकट्या मावशीसारख्या, एका श्वासात चार वाक्यं बोलणाऱ्या. त्यांचं टेबल एका पायाने अधू होतं. त्याखाली घडी करून ठेवलेला कागद काढून मी पाचर बसवली, तेव्हा कळलं की तो कागद त्या आठवडाभर शोधत होत्या. तिथून पुढे त्या माझ्याशी घरच्यासारख्या वागल्या. दाखल करायच्या खिडकीवर आमचा दावा परत परत आला. एकदा समास कमी सोडला म्हणून, एकदा पानांना क्रमांक नाहीत म्हणून, एकदा मी "प्रतिवादीचे नाव" या रकान्यात "चिमटा" लिहिलं म्हणून. (तिथल्या कारकुनाने ते मोठ्याने वाचलं आणि रांगेतली तीन माणसं दात धरून हसली. त्याचेच पेशंट असावेत.) शेवटी एक तांत्रिक त्रुटी निघाली, ती वकीलबाईंनी चुटकीसरशी दूर केली. तिच्याबद्दल खाली लिहितो. दावा दाखल झाला, क्रमांक पडला, तारीख मिळाली.

लोक कोर्टाच्या नावाने बोटं मोडतात, पण मला तिथे माणसं भेटली, ताई. खडूवरून साल काढणाऱ्या बाई, शिंका आवरत रजिस्टरं उपसणारे साहेब, वकीलबाई, पहारेकरी, यातल्या कुणाचं मी काही लागत नव्हतो. तरी मला कुणी वाऱ्यावर सोडलं नाही. कपाट अजून कारखान्यातच आहे, पण जीव भांड्यात पडलाय. आणि या सगळ्याच्या मागे तुझा भरवसा होता, हे मी विसरणार नाही. भाऊजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. ती तांत्रिक त्रुटी अशी. घर दोघांच्या नावावर, तेव्हा दाव्यात दोघं हवीत. मी सांगितलं, ताईची सही आहे असं समजा. कारकून म्हणाला, कोर्ट समजत नाही, बघतं. मग वकीलबाई म्हणाल्या, ज्याची वादी म्हणून सही नाही त्याला प्रतिवादी करायचं, नुसतं नावापुरतं. तर ताई, चिमटा प्रतिवादी क्रमांक एक आणि तू क्रमांक दोन. थोडक्यात, मी तुझ्यावर दावा लावलाय. तुझ्याकडून काही मागितलेलं नाही, तसं स्वतंत्र कलम घातलंय. समन्स घेऊन बेलिफ येईल, त्याला पाणी विचार आणि मुकाट्याने सही कर. दार भाऊजींनी उघडू नये एवढं बघ, म्हणून ब्लडप्रेशर विचारलं. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, प्रतिवादी होणं आपल्या घरात नवीन नाही.

आणखी एक ता. क. तारखेला तुला जातीने हजर राहावं लागेल. कायदाच तसा आहे, माझा नाइलाज आहे. निदान आठवडाभराच्या तयारीने ये, कोर्टाचं काही सांगता येत नाही.

वन्सं, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं आणि खाली चार ओळी लिहिते आहे. यांनी वर काहीही लिहिलं असलं तरी फाटक परवाच निघालं. समन्सबरोबर नक्कल मिळाली, तिच्यावर स्वतःच्या वडिलांची सही बघून डॉक्टर संध्याकाळी स्वतः आले. फाटकाचे स्क्रू काढायला त्यांनी यांनाच बोलावलं आणि हे गेले. कपाट काल पोचलं. दावा मागे घ्यायचा अर्ज वकीलबाईंनी तयार करून दिलाय, त्यावर यांची एक सही हवी. ती हे करत नाहीत. विचारलं तर म्हणाले, ताई येऊन जाऊ दे, मग करतो. जातीने यावं लागतं वगैरे काही नाही. लेखी उत्तर पोस्टाने पाठवलं तरी चालतं, हे वकीलबाईंनी यांना माझ्यासमोर सांगितलंय. तेव्हा वन्सं, तुम्ही ते पोस्टाने पाठवू नका.