कार्बोरेटरवरचा शेंदूर

बाबा,

त्या लाल गाडीचा आवाज मला अजून तोंडाने काढून दाखवता येतो. उभी असताना नीट गुरगुरायची, पण पाय दाबला की खोकायची, अडखळायची, सगळं अंग हलवायची. तुमच्या साहेबांनी ती जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार कलकत्त्याहून हौसेने आणली होती आणि दसऱ्याला बायकोला बसवून ते नागपूरला निघणार होते. तुम्ही कामाला होता त्या प्लांटच्या गॅरेजला सुट्टी, म्हणून तुम्ही आपण होऊन ती आपल्या क्वार्टरसमोर आणलीत. प्लग साफ केलेत, पॉइंट घासलेत आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. तरी मला काळजी होतीच. काळजी करण्यात मी आईच्या वरचढ, हे तुम्हीच म्हणायचात.

काळजीला कारण होतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. रेल्वेच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं बॉयलर ठोकून कान गेले होते आणि घरात तो विषय कोणी काढत नसे. आई पुढ्यात येऊन बोलायची. मी शाळेत शिकवून आल्यावर घरातही त्याच पट्टीत ओरडायची आणि तुम्ही म्हणायचात, मास्तरीण झाली तर घराची शाळा करू नको. गॅरेजातली तुमची नोकरी अजून कच्चीच होती. कायम होण्याआधी मेडिकल होती, त्यात कान पाहणार होते, आणि नाव पुढे पाठवायचं की नाही ते या साहेबांच्या हातात. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, मग परत गावी मामाच्या ओसरीवर. आणि अशा माणसाने इंजिनाचा आवाज सुधारायला घ्यावा! मला तुमचा राग आला होता, बाबा.

दसऱ्याच्या सकाळी गाडी चालू केलीत तर पुन्हा तशीच खोकतेय. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा होईपर्यंत ठणठणीत होती. साहेब जेवण करून येणार. तुमचा चेहरा बघवत नाही. तुम्ही मला हाक मारता.

"बाई, इथं उभी राय. मी एकेक वायर काढतो, तू सांग आवाज बदलते का."

तुम्ही मदत मागितलीत हेच मला भीतीदायक वाटलं. एक वायर निघते, गाडी आणखी लंगडते. "बदलला!" मी ओरडते. दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक वेळी तेच.

"म्हंजे चारही सिलिंडर काम करून राहिले. करंट बराबर हाये. हवा-पेट्रोलचं कायतरी हाये मंग."

त्या गाडीला दोन कार्बोरेटर, दोन्हींवर चकचकीत घुमट, घुमटावर पितळी टोपी. इंजिन बंद करून तुम्ही आत बोट घातलंत, एका घुमटातला दट्ट्या उचलून सोडलात. टक्कन पडला. दुसऱ्यातला सोडलात तर तो सासरी निघालेल्या पोरीसारखा रेंगाळत खाली आला. हे पाहायला कान लागत नव्हते. तुम्ही टोपीकडे बघत राहिलात आणि एकदम कपाळावर हात मारून घेतलात.

शेडमध्ये इंजिनाला तेलात कालवलेला शेंदूर लावायची तुमची जुनी सवय. पूजेला तुम्हाला ते घुमट वेशीवरच्या शेंदरी देवासारखे दिसले आणि तुम्ही दोन्ही टोप्यांवर अंगठा भरून शेंदूर फासलात. टोपीला आतल्या हवेसाठी सुईएवढं भोक असतं. एकीचं वाचलं, दुसरीचं बुजलं. हवेला वाट नाही तर दट्ट्या हलणार कसा?

तुम्ही फडकं उचललंत तशी आई धावत आली.

"पुसू नका! दसऱ्याच्या दिवशी देवाचा शेंदूर पुसते काय कोनी? कावून अपशकुन करून राहिले?"

तुम्ही हात पुढे केलात, मी पदराची पिन काढून दिली. शेंदूर तसाच ठेवून तुम्ही तेवढं भोक मोकळं केलंत. गाडी चालू झाली, पाय दाबला, खोकली नाही. मला रडूच आलं.

साहेब आले तेव्हा तुम्ही इंजिनावर हात टेकून, मान खाली घालून तिची थरथर बघत होता. "ये सिंदूर किसने लगाया?" त्यांनी मागून विचारलं. तुम्ही तसेच. त्यांनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इनको सुनाई नहीं देता क्या?" मी घाईने म्हणाले,

"देता है, साहेब. इंजन चालू हो तो किसी की नहीं सुनते."

त्यांनी तुमच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग गाडीत बसून गेले. पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सायकलची घंटी वाजली तरी वाटे, नोकरी गेल्याचा निरोप आला. आलं ते मेडिकलचं बोलावणं, आणि तुम्ही पास होऊन आलात. मी तोंडाचा आ केला.

"डॉक्टर समोर बसला होता," तुम्ही म्हणालात. "समोरच्याचं तोंड दिसलं का मले सारं समजते. साहेबाले तू काय म्हटलं, तेबी."

"तुमची तर मान खाली होती!"

"मान होती. डोळे नोते."

आता हे पत्र पाठवायला पत्ता कुठला? दिवाळीच्या आवराआवरीत कुठेतरी दडपून जाईल. एवढंच सांगायचं राहिलं होतं. शेवटी दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, फार दिवस नाहीत, तेव्हा मी तुमच्या खाटेकडे पाठ केली होती. माझं तोंड तुम्हाला दिसू नये म्हणून. डॉक्टरांचं तोंड तुमच्याकडे होतं, हे मला आज लिहिताना लक्षात आलं.