वापराचा रकाना

३ मार्च
नगरपालिकेची नोटीस. मागच्या अंगणातली खोली विनापरवाना आहे, साठ दिवसांत नियमित करून घ्या, नाहीतर पाडू. साठ दिवस कशाला? आठवडा पुरे. एकोणीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे फॉर्म तपासतोय. फाईल कशी हलते हे मला कुणी शिकवू नये.

खोलीत अण्णा राहतात. आई गेल्यावर वडिलांसाठी मी हौसेने बांधली. (बांधली अण्णांनीच, जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. देखरेख माझी.)

तक्रार शेजाऱ्याचीच असणार. आजपासून त्याच्याशी बोलणं बंद.

४ मार्च
रजा टाकून नगरपालिकेत. खिडकी चार म्हणाली सहाकडे जा, सहा म्हणाली चारकडे. तिसऱ्या फेरीला मूळ तक्रार बघायला मिळाली. गेल्या वर्षीची. शेजाऱ्याची टाकी हद्दीत येते, तरी गल्लीतली सगळीच बांधकामं एकदा तपासावीत. भाषा मुद्देसूद, अक्षर सुंदर. सही माझी.

शेजाऱ्याशी बोलणं बंदच ठेवतो. एकदा ठरवलं की ठरवलं.

१२ मार्च
ड्राफ्ट्समनने मापं घेतली. राहायची खोली असेल तर कुंपणापासून पाच फूट सोडावे लागतात. आपले तीनच आहेत. अडगळीच्या खोलीला तीन चालतात.

अण्णा म्हणाले, भिंत दोन फूट आत घेऊ, हळूहळू मीच घेतो, मला एवढी मोठी खोली लागते कुठे? वय एक्याऐंशी! बघू म्हटलं. धूळ किती होईल. हिला धुळीने शिंका येतात.

ही म्हणाली, मला कधी आल्या?

२० मार्च
फॉर्म भरला. बांधकामाचा वापर : अडगळ. मनुष्यवस्ती : नाही. एकही खाडाखोड नाही. कागदावर काय लिहितो त्याला काही अर्थ नसतो, असं हिला समजावलं. मग ऑफिसात एकोणीस वर्षं काय करता, असं तिने विचारलं. उत्तर तयार होतं, पण चहा निवत होता.

६ एप्रिल
फाईल साहेबांच्या टेबलावर. साहेब रजेवर. डोकं शांत ठेवायचा संकल्प.

७ एप्रिल
खिडकी सहावर आवाज चढला. माझा.

१९ एप्रिल
परवा तपासणी. अण्णांना म्हटलं, दोन दिवस ताईकडे जाऊन या. का, म्हणाले. फॉर्म दाखवला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. अक्षराचं कौतुक करतील असं वाटलं होतं. घडी घालून परत दिला.

२० एप्रिल, सकाळी ९
ताई गाडी घेऊन आली. सख्खी बहीण, पण माझ्याशी एक शब्द नाही. अण्णांनी रेडिओ घेतला, रंधा घेतला, आईचा फोटो घेतला. कपड्यांच्या खुंट्यांची फळीसुद्धा स्क्रू काढून घेतली आणि भिंतीतली चारही भोकं लांबी भरून बुजवली. दोन दिवसांसाठी एवढं? म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

पेटी उचलायला शेजारी धावला. बोलत नसल्यामुळे मला त्याला अडवता आलं नाही.

खोलीत ट्रेडमिल आणि जुन्या गाद्या रचल्या. हुबेहूब अडगळ.

२१ एप्रिल
इन्स्पेक्टर आला. चार मिनिटांत गेला. हे असं काम असतं!

३० एप्रिल
परवाना हातात! मुदतीच्या दोन दिवस आधी. लगेच अण्णांना फोन केला, या आता, कुणाची हिंमत नाही खोलीला हात लावायची. त्यांनी विचारलं, वापर काय लिहिलाय? वाचून दाखवलं. मग बरोबर आहे म्हणाले आणि फोन ताईकडे दिला. तिने ठेवून दिला.

वाईट वाटलं. ही वही माझीच आहे, खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. रविवारी स्वतः जाऊन घेऊन येतो.

४ मे
काल रविवार होता. पाठ धरली होती. पुढच्या रविवारी नक्की.

१६ जून
इन्स्पेक्टर अचानक हजर. परवान्याप्रमाणेच वापर आहे ना, हे बघायला. कुलूप काढलं. ट्रेडमिल, गाद्या, अण्णांची खुर्ची. भिंतीवर लांबीचे चार पांढरे ठिपके. त्याने एकेक रकाना मोठ्याने वाचून टिक केली. अडगळ, टिक. मनुष्यवस्ती नाही, टिक. खाली शेरा मारला : अर्जदाराने दिलेली सर्व माहिती खरी आढळली.

त्याखाली मी सही केली.