अर्धा एकर, सगळं क चं

६ जाने.
आज सकाळी शेजारच्या रानातल्या क.नं बांधावरून कोथिंबीर मागितली, तिथं माझं सगळं फिरलं. कॉलेज सोडलं तेव्हा काही फिरलं नव्हतं, नुस्ता जालन्याचा बसपास बंद झाला.

ती म्हणाली, "दिप्या, दोन काड्या दे. भाजीत टाकायला." दहावीनंतर पहिल्यांदा माझं नाव. मधली वर्षं ती भोकरदनला मामाकडं होती. मी घाईघाईत अख्खा वाफाच उपटायला लागलो, मुळासकट, मातीसकट. तर म्हणते, "भाजीत टाकायची हाय, लावायची न्हाई."

हसली. गेली. पूर्ण नाव इथंसुद्धा लिहिणार न्हाई. माय गादी झाडते तेव्हा ही वही हाताला लागते.

७ जाने.
रान पहिल्यांदाच नीट बघितलं. अप्पांनी माझ्या अंगावर टाकलेला अर्धा एकर. ("शिकायचं न्हाई न, मंग हे कर. न्हाईतर एमआयडीसीत लाग.") कांदा हाय, कोबी हाय, कोथिंबीर हाय. थोडी वांगी, थोडी मेथी. पहिली तीन नावं तोंडात घोळवली. तिचंच अक्षर. मी काही ठरवून लावलं नव्हतं.

ठरवून लावलं तर?

९ जाने.
वांगी उपटली. मेथी खुडून मायला दिली, तिनं धपाटे केले.
अप्पा: "फळावर आलेलं वांगं कोण उपटतं?"
मी: "माझ्या रानात नको."
"का पण?"
"नको म्हंजी नको."
अप्पा मायला म्हणाले, "याला कॉलेजात कोणी काही खाऊ घातलं का, इचार."

कॉलेजात काय झालं ते त्यांना अजून पटत न्हाई. सरांनी सगळ्या वर्गासमोर बापाची जात काढली आणि वरून माफी मलाच माग म्हणाले. न्हाई मागितली. हजारदा विचारलं तरी न्हाई मागणार.

रान आता फक्त एका अक्षराचं. वांगं, मेथी, भेंडी, गवार, दोडकं, सगळ्यांना बंदी.

१३ जाने. भोगी.
आणि भोगीच्या भाजीला घरात वांगं न्हाई. माय कपाळाला हात लावून बसली. "कोबी टाकू का भोगीत? लोक शेण घालतील तोंडात." शेवटी वाटी घेऊन क.च्या घरी गेली वांगी मागायला. एरवी शेजाऱ्यांना वांगी देणारं आमचं घर.

दुपारी क. बांधावर. "तुमच्या वांग्याला काय झालं?"
मी म्हणालो, "उपटली."
"रोग पडला का?"
मी हो म्हणालो. खोटं न्हाईच की ते.

अप्पा बोलत न्हाईत. जेवताना मायला सांगतात, "त्याला म्हणावं मीठ दे." मी मायला सांगतो, "त्यांना म्हणावं संपलं."

२० जाने.
काकडी टोकली. जागा मुद्दाम बांधालगतची, क.च्या रानाला चिकटून. पलीकडच्या कडेला कारलं. तार, बांबू, सुतळी, सगळं एकट्यानं केलं. हाताला फोड. चांगला वाटला फोड.

५ फेब्रु.
 क.नं तिच्या रानात रोपं लावली. बांधावरून वाकून पान बघितलं. काकडी.

तिनंही काकडी लावली. माझ्या काकडीच्या समोर. चार बायका हाताखाली घेऊन स्वतः ओळी मोजत होती, डोक्याला रुमाल, पायात बापाचे गमबूट. याला योगायोग म्हणणारा माणूस मूर्ख. मी अर्ध्या एकरात विचारलं, तिनं समोरच्या रानात उत्तर दिलं. एक शब्द न बोलता. असं उत्तर कोणाला मिळालं असेल जालना जिल्ह्यात?

संध्याकाळी दोनदा जेवलो.

१९ फेब्रु.
वेल तारेला लागला. क. आली आणि बांधावर उभी राहून लय वेळ माझ्या वेलाकडं बघत राह्यली. मी कोबीच्या मागं.  आता हाक मारीन, आता मारीन म्हणून राह्यलो. ती एकदम वळली आणि जल्दी जल्दी घराकडं गेली.

लाजली असेल.

२१ फेब्रु.
लाजली नव्हती.

सकाळी तिचे वडील, नारायणकाका, मोटारसायकलवर बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर घेऊन थेट दारात. सुपरवायझर माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, "बांधाची काकडी काढावी लागेल." मी म्हणालो, माझं रान, तुम्ही कोण.

मंग कळलं. तिकडं बियाण्याचा प्लॉट हाय. नर काकडीच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, बायका हातानं फूल फुलाला लावणार, त्याचंच बी धरणार. शेजारी दुसरी काकडी फुलली की मधमाश्या तिचा परागही नेतात. बी भेसळ. प्लॉट रद्द.

म्हणजे उत्तर नव्हतं ते. नुस्ता कंपनीचा प्लॉट.

नारायणकाका अप्पांकडं वळून म्हणाले, "तुम्हाला सांगितल्तं न मी संक्रांतीला? बांधाला काकडी नको म्हणून?"
अप्पा म्हणाले, "सांगितल्तं. याला कसं सांगणार? आमचं वांग्यापासून बंद हाय."

सुपरवायझर हसला. तिथं माझं डोकं गेलं. म्हणालो, एक वेल काढणार न्हाई, काय करायचं ते करा. तो म्हणाला, "भाऊ, शिकलेले दिसता, जरा समजून घ्या." मी म्हणालो, अर्धंच शिकलोय, अर्धंच समजतं.

त्यांनी चहा अर्धा ठेवला. माय रडली.

२३ फेब्रु.
चौकातल्या टपरीवर गेल्तो. गण्या, शाळेपासूनचा दोस्त, बसलेला. सगळ्यांसमोर सुरू झाला: "कांदा, कोबी, कोथिंबीर, कारलं, काकडी. दिप्या, बाकीची अक्षरं नापास झाली का तुझ्या रानात?" सगळे हसले. मंग हळूच, "की कोणाच्या नावाची तयारी चालू हाय?"

कॉलर धरली त्याची. चहा सांडला. तो ओरडला न्हाई, फक्त माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सोड. मला कळलं."

त्याला कळलं म्हंजी उद्यापर्यंत गावाला.

कळू द्या. मी चोरी केली न्हाई. भाजी लावली.

२६ फेब्रु.
क. स्वतः आली. बांध ओलांडून, माझ्या रानात, भर दुपारी. पलीकडं बायका निंदत होत्या, सगळ्यांचे हात थांबलेले. जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

"प्लॉट माझ्या नावावर हाय. दादांच्या न्हाई." (वडलांना दादा म्हणते.)
माझं खुरपं थांबलं.
"बोली झालीय आमची, माझी आणि दादांची. प्लॉट पास झाला तर यंदा स्थळं बघायची न्हाईत आणि जूनला मी नर्सिंगला जाणार. रद्द झाला तर मे महिन्यात मुंडावळ्या. मामानं पोरगा बघून ठेवलाय. वाळूजला असतो."
मी म्हणालो, "मला काय माहीत."
"आता माहीत झालं न?"
"मी तुझ्यासाठी..."
"गावानं सांगितलं मला, कशासाठी ते. शाळेतली पोरं कांदा, कोबी म्हणत चालतात माझ्यामागं. माझं नाव घ्यायचं तर तोंडानं घे, दिप्या. माझ्या रानाशेजारी काकडी लावून न्हाई."

मंग मी तोंडानं घेतलं. नाव घेतलं आणि विचारलं, लग्न करशील का माझ्याशी. चिखलाच्या हातानं, खुरपं तसंच हातात.

ती खुरप्याकडं बघून म्हणाली, "हे विचारायची वेळ हाय का?"
"कधी विचारू?"
"आधी वेल काढ."
"त्या सुपरवायझरच्या सांगण्यावरून न्हाई काढणार. एक फूल राहू देणार न्हाई मी. रोज सकाळी सगळी तोडीन. फूलच न्हाई तर माशी काय नेणार?"
"आणि एखादं राह्यलं?"
"न्हाई राहणार."
गेली. हो म्हणाली न्हाई, नको म्हणाली न्हाई.

३ मार्च
फुलं तोडून राह्यलो. उजाडायच्या आत रानात. पिवळी, कोवळी, दव पडलेली. पानाखाली लपतात, हात फिरवला की सापडतात. वेल मोठा होतो, तारेवर चढतो, आणि त्याच्यावर एक फूल न्हाई. चांगलं दिसत न्हाई ते. लग्नात दागिने उतरवून ठेवलेल्या बाईसारखं.

अप्पा बांधाच्या टोकाला येऊन उभे राह्यले. दोन महिन्यांनी थेट मला बोलले. "काकडी येऊ द्यायची न्हाई, मंग पाणी कशाला देतो?"
मी पुढच्या पानाखाली हात घातला. 

६ मार्च
पुन्हा सुपरवायझर. बांधावरून बघितलं. "फूल न्हाई हे खरं. पण वेल हाय. रिपोर्टात वेल लिहावा लागतो मला." मी म्हणालो, फूल न्हाई तर वेल काय करतो? म्हणाला, "तुम्ही एक दिवस आजारी पडला तर?" मी म्हणालो, मी आजारी पडत न्हाई. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला दिसला तर नाइलाज हाय."

नाइलाज म्हणे.

७ मार्च
खालच्या अंगाला, कोबीकडं वळलेल्या फांदीवर एक फूल. पूर्ण उमललेलं. आत माशी, ढुंगण वर करून, निवांत. मला दिसलं तेव्हा नऊ वाजून गेल्ते.

माशी उडाली. कुठं गेली ते बघितलं. सरळ बांध ओलांडून.

तिच्याकडं अजून मादीची फुलं उघडली न्हाईत, परवा सुरू होणार असं बायका म्हणत होत्या. म्हणजे नुकसान झालं नसावं. पण परवाही ही माशी असणार. मी असेन आणि एक फूल असंच राहून जाईल. हे मला तिनं विचारलं होतं. मी न्हाई राहणार म्हणालो होतो.

८ मार्च
उपटली. सगळी. दुपारी बारा वाजता, सगळ्यांना दिसेल असं. तार मोकळी केली, वेल ओढून ओढून ढीग केला आणि क.च्या रानापासून लांब, नाल्याच्या पलीकडं नेऊन पुरला. कोणाच्या सांगण्यावरून न्हाई. कंपनीच्या न्हाई, बापाच्या न्हाई, गावाच्या न्हाई.

कांदा, कोबी, कोथिंबीर, कारलं तसंच ठेवलं. ते कोणाला नडत न्हाई. हसणाऱ्यांनी हसावं.

क. तिच्या ओळीत उभी होती.  थोड्या वेळानं कोपराच्या वर बाही सरकवली आणि कामाला लागली.

११ मार्च
त्यांचं क्रॉसिंग सुरू झालं. संध्याकाळी बायका उद्या उमलणाऱ्या मादी कळ्या शोधून त्यांना कागदाच्या टोप्या घालतात. सकाळी नराचं फूल खुडून आणतात, टोपी काढून मादीला लावतात, पुन्हा टोपी, आणि देठाला लाल दोरा. ऊन चढायच्या आत सगळं आटपायला लागतं. दोरा न्हाई ते फळ तोडून टाकायचं.

मी कोबीला पाणी देत बघत बसतो.

१३ मार्च
बायका कमी पडल्या. अर्ध्या जणी भोकरदनच्या बाजूला हरभरा काढायला गेल्या, तिथं जास्त मिळतं. सकाळी क., तिची आई आणि दोघी, एवढ्याच. ऊन आलं तेव्हा अर्ध्या टोप्या तशाच. क. ओळीत खाली बसली, डोकं गुडघ्यात. कोणी बघत न्हाई असं तिला वाटलं.

संध्याकाळी मी बांधावर गेलो. "उद्या येऊ का?"
"कशाला?"
"दोरा बांधायला."
"बाप्ये न्हाई करत हे काम."
"कंपनीचा नियम हाय का?"
तिनं हातातला लाल दोरा गुंडाळला. "नियम न्हाई," म्हणाली. "पण मी ये म्हणणार न्हाई. लोकं तुलाच हसतील आणि मी त्याला जिम्मेदार न्हाई."

एवढं बस झालं मला.

१४ मार्च, सकाळ
अप्पा ओसरीत बसलेत. कोणी सांगितलं माहीत न्हाई. म्हणाले, "त्यांच्या रानात? बायकांच्या रांगेत? आणि त्या मामाचं स्थळ ठरलं तर बोभाटा कोणाच्या दारात येणार?" मी म्हणालो, माझ्या. "माझंच दार हाय ते," म्हणाले. "गेलास तर रात्री उघडणार न्हाई."

माय चुलीजवळ. बघत न्हाई कोणाकडं. फडक्यात दोन भाकरी बांधून उंबऱ्याजवळ ठेवल्या.

ती हो म्हणालेली न्हाई. प्लॉट पास होईल का, माहीत न्हाई. झाला तरी जूनमध्ये ती जाणारच, आणि मी इथं कांद्याकोबीत. हे सगळं मला कळतं. अर्धं शिकलोय म्हणून काय झालं.

तिकडं टोप्या काढायला लागल्या असतील. भाकरी घेतली. अप्पांच्या समोरून चाललोय, बाजूनं न्हाई. वही ट्रंकेत. दार मीच ओढून घेतो.