'पुत्र' या शब्दाखालची रेघ

बाबा, दादाचं तेरावं झालं त्या दुपारी तू मला म्हणालास, "तू शिकल्याली हायस. मेल्यावर मानूस कुठं जातो, ते लिवलेलं एकादं पुस्तक आन." बोईसरच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा दादा पाळीवर होता. आपल्याला त्याचं तोंडही बघू दिलं नव्हतं. त्यानंतर तू मासवणच्या घरी नुसता ओटीवर बसून असायचास. शेतावर जात नव्हतास, आईशीही बोलत नव्हतास. त्या दिवसांत तू मागितलेली ही एकच गोष्ट.

मी पालघरला जाऊन पुस्तकांच्या दुकानातून ग्रंथ आणला. जाडजूड, वर संस्कृत, खाली बारीक अक्षरात भाष्य, त्याखाली टिपा. तू हात धुऊन तो घेतलास, कपाळाला लावलास. सातवी शिकलेला तू, रोज जेवणानंतर एकेका ओळीखाली बोट फिरवत बसायचास. दोन महिन्यांनी मी सालवडच्या सासरहून आले, तर तू चाळिसाव्या पानावर. मी म्हणाले, "बाबा, अजून इथंच? मन लावून वाचलं की कळतं." तू चष्मा काढून पुसत राहिलास. "कळंल, पोरी. आमचं डोसकं जड. पन यात असंल ना नक्की?" मी "असेल" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढच्याच महिन्यात तूही गेलास. आईने ग्रंथ माझ्या हाती दिला. उघडला, तर आत पेन्सिलीच्या रेघा. जिथे जिथे 'पुत्र' आला, जिथे जिथे 'अग्नी' आला, तिथे खाली रेघ. त्या वाक्यांचा दादाशी काही संबंध नव्हता. अग्नी होता तो यज्ञातला. चाळीस पानं तू त्यात आपल्या मुलाला शोधत होतास.

आता मी वाचनालयात काम करते; तिथली धर्माची, तत्त्वज्ञानाची पुस्तकं मीच निवडते. कोणी मागायला आलं की आधी विचारते, वाचणार कोण, आणि घरात काय झालंय. परवा मनोरची एक बाई नवऱ्यासाठी आली होती. त्यांची मुलगी गेलीय. तिला पातळसं, मोठ्या अक्षरांचं, बोलल्यासारख्या मराठीतलं पुस्तक दिलं. म्हटलं, "तुम्ही वाचा, त्यांना ऐकू द्या."

"यात उत्तर हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "पण यात हेच विचारणारी माणसं आपल्यासारखीच आहेत."

ती पुस्तक घेऊन गेली, मग मी हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायचं धैर्य नाही. बाबा, असलंच पातळ पुस्तक त्या दिवशीही दुकानात होतं. मी ते हातात घेतलं होतं. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" शेजारी मला कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. मी ते खाली ठेवलं, जाड ग्रंथ उचलला आणि म्हणाले, "माझ्यासाठी."