तुझा स्कायाग्राम

माय, स्कायाग्राम म्हणजे काय, असं तू मला एकदा विचारलं होतंस आणि मी घाईत अर्धंच उत्तर दिलं होतं. आज पुरतं देणार आहे. त्याला कारण घडलं. आमच्या दवाखान्यात नवे आलेले डॉक्टर काल मला म्हणाले, "सिस्टर, हा शब्द आता कुणी वापरत नाही. एक्सरे म्हणत जा." मी म्हटलं, तुम्ही खुशाल म्हणा, मी नाही म्हणणार. ते हसले. हसू देत. माळ्याची पोर आहे मी आणि तुझ्यासारखीच हेकट, एकदा धरलं की धरलं. त्यांना सगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं तुलाच सांगावं.

तेव्हा मी अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते, आणि तू न् बा अकोल्याच्या कडेला आपल्या मळ्यात वांगी, मेथी आणि शेवंती पिकवत होता. तुझा खोकला दिवाळीपासूनचा. वैद्याचे काढे झाले, आल्याचा रस झाला, शेजारणीनं दिलेला अंगारा झाला, आणि तू हडकत चाललीस. शेवटी मी तुला जवळजवळ ओढतच अमरावतीला आणलं. आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, बोलणं तोडून टाकणारं, पण हात मऊ. त्यांनी तुझ्या छातीला नळी लावली, डाव्या खांद्याखाली पुन्हा पुन्हा लावली आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "क्षयाची शंका आहे. असेल तर आत्ताच बाजूला ठेवून पूर्ण विश्रांती द्यायला हवी. नुसत्या शंकेवर मळा सोडून वर्षभर खाटेवर पडायला ती तयार होणार नाही, आणि न पडली तर हाती लागणार नाही. छातीचा स्कायाग्राम काढू." मला त्या क्षणी तुझा जीव आणि तो शब्द एकाच गाठीत बांधल्यासारखे झाले.

बाईंनी आम्हा मुलींना तो शब्द नीट शिकवला होता. ग्रीक लोकांच्या भाषेतला आहे, छाया आणि लिहिणं हे दोन शब्द जोडून केलेला. त्याचा वापरही त्या चोख करायला लावायच्या. एकदा कंपाउंडर म्हणाला, "बाई, पेशंटला स्कायाग्राम मारला." त्यावर त्याला जागच्या जागी दटावलं: "अंगावर पडतात ती किरणं. स्कायाग्राम म्हणजे नंतर आपल्या हातात येतो तो पट. छातीचा स्कायाग्राम, मनगटाचा स्कायाग्राम, असं म्हणायचं. आणि फोटो तर मुळीच म्हणायचं नाही, ही सावली आहे." हे मी तुला सांगितलं, वर बाईंकडची जुनी फिल्मही दाखवली. तू ती उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "मले येडी समजतं का वं? सावली कधी पांढरी असते का?"

ते उत्तर राहिलं होतं. ऐक. यंत्रातून न दिसणारी किरणं निघतात, अंगातून पार होतात आणि फिल्मवर जिथं पडतात तिथं ती काळी होते. हाड त्यांना अडवतं, म्हणून हाडामागची जागा पांढरी राहते. फुप्फुसात हवा, ती फारसं काही अडवत नाही, म्हणून फुप्फुस काळं. तुझं हिरवं लुगडं कुंपणावर वाळत पडायचं, त्याच्यावर कारल्याच्या वेलाची पानं. उन्हानं लुगडं विटलं आणि पानांखाली तेवढा रंग राहिला. तसंच आहे हे. आणि मुख्य गोष्ट अशी की या सावलीला पुढची बाजू नसते, मागची नसते. अंगावर, अंगात, अंगामागं जे काही असेल ते सगळं एकावर एक येऊन पडतं.

हेच तुला ठाऊक नव्हतं. गळ्यातलं काढ म्हटल्यावर तू मान हलवलीस, पडद्याआड गेलीस आणि गरसोळी काढलीच नाहीस. काळ्या मण्यांतलं ते सोन्याचं डोरलं डाव्या खांद्यावरून पाठीवर टाकलंस आणि वर पदर घेतलास. छाती मोकळी दिसत होती, तुझ्या हिशेबी काम झालं होतं. फिल्म धुऊन आली तेव्हा नेमकं शंकेच्या जागी पांढरंशुभ्र डोरलं बसलेलं. बाई कडाडल्या, "मुंबईहून येते ही फिल्म! आता यावरून मी काय सांगू, सोनं खरं आहे म्हणून?" मी तुला विनवलं, रडले, रागावले. तू एकच सांगत होतीस, "तुहा बाप जित्ता हाय. त्याच्या जीवावर मी गरसोळी उतरवू? मेली त मेली, पण सवाष्ण मरीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला येते. बा मेथीला पाणी देतोय. मी धापा टाकत सगळं सांगते. तो पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो आणि एवढंच विचारतो, "त्या कागदावून तिचं दुखणं समजन का पण?"

"समजन, बा."

"मंग चाल. बसली काहून?"

दवाखान्यात येऊन तो सरळ तुझ्या खाटेपाशी उभा राहिला. आयुष्यात चारचौघांत तो तुझ्याशी बोलला नव्हता, आणि आता सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला, "म्याच बांधली व्हती, म्याच सोडतो. मी जित्ता हाओ अन् माह्या हातानं सोडून राह्यलो, यात कोणाचं काय जाते?" खिशातून हळदीत भिजवलेला साधा दोरा काढला, आधी तो तुझ्या गळ्यात बांधला आणि मगच गरसोळी सोडवली. तू डोळे मिटून बसली होतीस. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चष्मा पुसला. मला बाचा इतका अभिमान वाटला की अजून वाटतो.

दुसऱ्या फिल्मवर दोऱ्याची सावली पडली नाही. डाग मात्र दिसला, लहान, डोरलं होतं तिथंच. मग तू अडून बसली नाहीस. मळ्यात वेगळं झोपडं, दूध, अंडी, मोकळी हवा; खाटेवरून बाला शिव्या देत का होईना, पण वर्षभर पडून राहिलीस. पुढं कितीतरी वर्षं बाजारात टोपली घेऊन बसलीस, माझं लग्न पाहिलंस. गेलीस ती पटकीनं. छातीनं नाही, हे मी आजही सगळ्यांना ठणकावून सांगते.

हे पत्र कुठंच टाकायचं नाहीये. टाकलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. एक सांगायचं राहिलं. आपल्या घरात कुणाचा फोटो कधी निघाला नाही. तुझं म्हणून माझ्याकडे आहे ती ही दुसरी फिल्म. खिडकीच्या उजेडात धरली की तुझी बरगडी न् बरगडी मी ओळखते, काळजाची कड ओळखते. पण माय, तुझा चेहरा मला आता आठवत नाही.