चिखलदरा की सालबर्डी?

६ नोव्हेंबर १९६०, अमरावती

माझं सगळं उलटंपालटं झालं ते आज संध्याकाळी, वाचनालयात मनकर्णा उठून उभी राहिली तेव्हा!

सभा आमच्या वाचनालय मंडळाच्या सहलीची. चिखलदरा की सालबर्डी, एवढाच प्रश्न. मी टेबलावर हात आपटून ओरडत होतो — चिखलदराच! कडे पाहावेत तर तिथले! सालबर्डीला आहे काय, धोंडे? तेवढ्यात ती बायकांच्या सतरंजीवरून उठली. "देवमनभाऊ, तुमी दोनी जागा पाह्यल्या काय?"

भाऊ म्हणाली. तेही सोसलं. पण पाहिली तर मी एकही नाही!

सगळे हसले. आमचा सेक्रेटरी धर्मपाल, माझा दोस्त, तोच सगळ्यांत मोठ्यानं. "मंग जा ना बे. दोनी पाहून ये, न् रविवारी सांग."

"खरं सांगजा मात्र," ती म्हणाली.

कॉलेज सोडल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं. आज तिनं विचारलं. झोप येत नाही.

८ नोव्हेंबर

कापसाच्या जिनात कामाला आहे, तिथे रजा टाकली. परतवाड्याहून मोटार घाटात चढली तसा कान बंद झाला.

कडा! पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली नुसतं निळं. दोरी लावून आखल्यासारखे काळ्या दगडाचे आडवे थर, एकावर एक. हे कोणी रचलं? सगळे एकदम झाले की एक वाळला मग दुसरा? एका दगडात बोट जाईल एवढं भोक, आत साखरेसारखं पांढरं काही चमकत होतं. चाटून पाहिलं. साखर नाही.

दरीत हाक मारली की परत येते म्हणतात. मला एकाच नावानं हाक मारायची होती. पण बाजूला जंगलचा गार्ड उभा. शेवटी ओरडलो — "कापूस!" दरी कितीतरी वेळ कापूस कापूस करत राहिली. गार्डानं माझ्याकडे असं पाहिलं!

चिखलदराच. ठरलं.

१० नोव्हेंबर

काहीच ठरलं नाही.

मोर्शीहून सालबर्डीला पायी गेलो. नदीकाठी पिवळट-तांबूस खडक. नख लावलं तर रेती सुटली. रेतीचा दगड! आपल्याकडे जिथे खणावं तिथे काळी माती नाहीतर काळा पत्थर. मग एवढी रेती इथे आणली कोणी? नदीनं? कोणत्या नदीनं? आणि तिचा दगड कसा झाला? दुपारभर तिथेच बसलो. जेवायचं विसरलो.

शेळ्या चारणारी एक म्हातारी, तानुबाई, काठी टेकून बघत होती. "लोकं इथं महादेवाले येतात रे बाप्पा. तू दगडाले आला?"

"हो."

"घरी भांडून आला काय?"

वर खडकात कोरलेल्या खोल्या आहेत. आत गार, ओलसर वास. भिक्खू राहत असतील का? इथे बसून त्यांनीही खडकाला नख लावून पाहिलं असेल का?

चिखलदरा पाहून छाती भरते. इथे डोकं चालू होतं.

१२ नोव्हेंबर

मनकर्णाच्या घरी गेलो, सहलीची परवानगी मागायच्या निमित्तानं. तिचे वडील डोमाजीबाबा खाटेवर बसले होते.

"चिखलदऱ्याले पोरगी येईन. सालबर्डीले नाही."

"का?"

"महादेवाची जत्रा भरते तिथं. छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले म्हंजे सोडले. आमच्या घरचं पाऊल तिकडं पडणार नाही."

मी म्हटलं, खडक काय महादेवाचा आहे? कोरलेल्या खोल्या आहेत, भिक्खूंच्या असतील.

"असतील? तुले काय मालूम? कालेजातून पळालेला तू!"

"पळालो नाही! मी प्रयोगवहीत नक्कल केली असा डिमॉन्स्ट्रेटरनं खोटा आळ घेतला. वही त्याच्या अंगावर फेकली न् निघालो!"

"मंग पळालाच ना."

आत मनकर्णा हसली. हसलीच, मी ऐकलं! ताडकन उठलो, तणतणत निघालो. चहा तसाच राहिला.

म्हणजे चिखलदरा म्हटलं तर ती येणार. सालबर्डी म्हटलं तर नाही. एक शब्द तर बोलायचा आहे. उद्या चिखलदरा म्हणून मोकळा होतो.

१३ नोव्हेंबर

सालबर्डी म्हणालो.

तोंड उघडलं तेव्हा चिखलदराच म्हणणार होतो. ती समोर बसलेली. रेतीचं सांगायला लागलो आणि थांबताच येईना. सगळ्यांनी हात वर केले. तिनंही केला! आणि सभा संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मी नाही येत. बाबा पाठवत नाहीत. पण त्या रेतीचा दगड कसा झाला, ते सांगितलंच नाही तुमी."

मला माहीत नाही म्हणालो. हे वाक्य तोंडातून काढताना कान तापले.

१६ नोव्हेंबर

धर्मपाल म्हणतो, गाढव हायेस. बरोबर आहे.

वाचनालयात दगडांवर एकच पुस्तक, इंग्रजी. निम्मं कळतं. निम्मं कळत नाही म्हणून चिडतो, फेकत मात्र नाही.

२० नोव्हेंबर, पहाट

आज सहल. दारावर थाप. धर्मपाल असेल म्हणून शिवी देतच उघडलं — डोमाजीबाबा! धुतलेलं धोतर, हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"पोरगी येत नाही. मी येतो."

"तुम्ही? सालबर्डीला?"

"तिनंच धाडलं. रातभर डोकं खाल्लं माहं. दगड बी पाह्यतो, तुले बी पाह्यतो."

टोपी शोधतो म्हणून आत आलो. टोपी मी घालतच नाही! ते बाहेर उभे आहेत, खाकरतात. घाईघाईनं एवढं खरडलं.

निघालो. दार लावून घेतो.