बाबांच्या गाडीला नवा काटा

प्रिय धाकट्या,

रागावलेल्या बहिणीचं पत्र आहे, पण शेवटपर्यंत वाच. गेले दोन महिने मला एकच घोर लागलाय, की तू बाबांची गाडी विकणार. दोघांच्या नावावरची गाडी, आणि तू मला अंधारात ठेवून गिऱ्हाईक शोधतोयस! असं का वाटलं ते सांगते, म्हणजे माझं डोकं कसं फिरलं ते तुला कळेल.

चाळीस वर्षं त्या गाडीला आरपीएम मीटर नव्हतं. इंजिन किती वेगात फिरतंय ते बाबांना कान सांगायचा, आणि आपल्यालाही त्यांनी कानानेच गिअर टाकायला शिकवलं. काट्याकडे बघत चालवणाऱ्याला ते घड्याळजी म्हणायचे. आणि तू, त्यांचा लाडका, एकदम लिहितोस की ताई, गाडीला मीटर बसव, जुन्या पद्धतीचं, केबलवर चालणारं, आणि तेही स्टिअरिंगच्या अगदी समोर. म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. जुन्या गाड्यांचे शौकीन असल्या मीटरवर जीव टाकतात, हे बाबांचं गॅरेज चालवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

त्यात तो टेपवाला. तुझं नाव सांगून आला, दारं मोजली, पुढची काच मोजली, फोटो काढले आणि चहासुद्धा न घेता गेला. दलालच तो, दुसरा कोण असणार? फोन करावा तर तुझी बायको उचलते. तू कधी अंघोळीला, कधी बाहेर. एकदा चुकून सापडलास. गाडीचं काय ठरवलंयस, असं मी विचारलं, तर म्हणालास, इकडेही सगळं बरं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला वेड्यात काढतोस काय, म्हणून मी फोन आपटला.

मग मीही खोटं बोलले. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डायनामोच्या शेपटीला गिअरचा एक छोटा डबा लागतो, त्यातून केबल निघते आणि मीटरचा काटा फिरवते. तो डबा कुठे मिळत नाही, असं तुला कळवलं. डबा केव्हाच आला होता, माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला होता. तू स्वतः बघायला आलास तेव्हा तर कहरच केलास. इंजिन चालू असताना पुन्हा स्टार्टर मारलास! दात कराकरा खाल्ल्यासारखा तो आवाज ऐकून शेजारचा वेल्डर धावत बाहेर आला, आणि तू आपला शांतपणे परत मारतोयस. बाबांनी कान उपटून हातात दिला असता. मला वाटलं, विकायचीच आहे म्हणून आता हिची कदर उरली नाही तुला.

तू गेल्यावर म्हटलं, गाडी काही विकू देत नाही, पण मीटरचं निमित्त तरी नको, एकदाचं बसवून टाकू. डायनामोचा दांडा लेथवरून लांबवून आणला, डबा चढवला. रागाच्या भरात केबलचा पीळ कुठल्या बाजूचा आहे तेच बघितलं नाही. उलट्या पिळाची निघाली, दहा मिनिटांत उलगडून पार पिंजून गेली. इतक्या वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. परवा दुसरी केबल घालून गाडी बाहेर काढली. नेमका वेल्डर पत्रा ठोकत होता आणि त्या ठणठणाटात मला इंजिन ऐकूच येईना. हात गिअरवर नुसता थांबून राहिला. मग नजर मीटरवर गेली. काटा चढला, मी गिअर टाकला, आणि अलगद पडला की रे! पुढच्या वळणापर्यंत कान नसल्यासारखी गाडी चालवली, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो स्टार्टर, फोनवरचं ते भलतंच उत्तर, समोर हवं असलेलं मीटर. तशीच त्या टेपवाल्याकडे गेले. दलाल कसला, आरसे बसवणारा तो. मागून वाजणारा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून तू दोन्ही दारांना मोठे आरसे सांगितलेस म्हणे. परक्या माणसाला सांगितलंस रे, आणि मला नाही? तिथेच त्याच्या दुकानात रडले.

आता हे पत्र कशासाठी, ते. सोमवारी मी तुला वकिलाची नोटीस धाडली आहे. गाडीला हात लावलास तर कोर्टात खेचीन, असं त्यात आहे. फोन करून काय उपयोग, म्हणून तुझे भाऊजी हे पत्र घेऊन पहिल्या बसने निघताहेत. पोस्टमनच्या आधी पोचले तर ते पाकीट घेऊच नकोस. घेतलं असशील, वाचलं असशील, तर त्यात तुला कपटी म्हटलंय. तो शब्द वकिलाचा नाही, माझा आहे. वकील नको म्हणत होता, मीच घालायला लावला. जमलं तर माफ कर. गाडी तयार आहे, गिअर बदलायच्या जागी मीटरच्या काचेवर लाल खुणा केल्यात. भाऊजींबरोबरच ये. तू चालव, मी शेजारी बसते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

तुझीच,
संशयी ताई